मठात पाहुण्यानं कसं जावं

(मुंबईत झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आधी एक छोटी पाहणी करू. स्वित्झर्लंडची टूर केलेल्यांनी हात वर करा. बरेच आहेत. त्यांतले टिटलिसला जाऊन आलेले? एकही हात खाली गेला नाही. आता शेवटचा प्रश्न. टिटलिसच्या पायथ्याशी जे एंगेलबर्ग गाव आहे, तिथला मठ आत जाऊन पाहिलेले किती?

हरकत नाही. टूरच्या वेळापत्रकात तो बसतच नाही. बस थेट केबल-कारच्या स्टेशनाशी लागते, वर बर्फ, फोटो, गरम चहा, आणि अंधार पडायच्या आत सगळे परत ल्युसर्नला. पण ज्या गावातून ही बस जाते, ते गाव मुळात मठामुळे वसलेलं आहे. बेनेडिक्टाइन पंथाचा हा मठ ११२० साली स्थापन झाला. १७९८ पर्यंत त्या सबंध खोऱ्याचा कारभार मठाधिपतीच्या हाती होता. १७२९ साली मठ जळाला. आज दिसतात त्या इमारती त्या आगीनंतर उभ्या राहिल्या. चर्चमधला ऑर्गन स्वित्झर्लंडमधला सर्वांत मोठा, ९,००० हून अधिक नळ्यांचा. आवारात चीज बनवण्याची जागा आहे. आणि शाळा आहे, वसतिगृहासकट.

आजचा विषय एंगेलबर्गचं प्रवासवर्णन हा नाही. मठ आणि शाळा एकाच आवारात आहेत अशा ठिकाणी पाहुणा म्हणून दोन-तीन दिवस राहायचं असेल, तर काय माहीत असायला हवं, हा आहे. अशा जागा युरोपात पुष्कळ आहेत. ऑस्ट्रियात मेल्क आणि क्रेम्समुन्स्टर, बव्हेरियात एटाल, स्वित्झर्लंडमध्ये आइनसीडेल्न आणि डिसेन्टिस, आयर्लंडमध्ये ग्लेनस्टाल. जाणारे लोक हमखास विचारतात, ‘तिथे खूप शांत वाटतं ना?’ वाटतं. पण हेही लक्षात घ्या की तिथे शेकडो मुलं शिकतात, स्वयंपाकघर चालतं, धुलाई होते, दुरुस्तीला गवंडी येतात, काही ठिकाणी गुरं असतात. एवढं सगळं चालू असूनही शांत वाटतं, ते प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली असते आणि ती पाळली जाते म्हणून. पाहुण्याने ती वेळ पाळली तर त्याच्याही वाट्याला शांतता येते. नाही पाळली, तर तो ज्यासाठी आला तेच मोडतो.

आता मठवासी म्हणजे कोण, हे थोडं स्पष्ट करू, कारण मुंबईत आपल्या डोळ्यासमोर वेगळंच चित्र असतं. सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली काढलं ते जेझुइटांनी. जेझुइट म्हणजे कामासाठी जगभर पाठवले जाणारे लोक. एकत्र जमून दिवसातून अनेकदा स्तोत्रं गायचं बंधन त्यांच्यावर पहिल्यापासून नाही. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी पाहिली असतील. त्या शिवलेण्यांच्या माथ्यावर जे भग्नावशेष आहेत, ते सोळाव्या शतकात आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्रीने उभारलेल्या मठाचे आणि विद्यालयाचे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा तो सगळा पसारा आवरला. पण फ्रान्सिस्कन हेही फिरते. बेनेडिक्टाइन माणूस मात्र दीक्षा घेताना जी वचनं देतो त्यांत ‘याच मठात राहीन’ हे एक वचन असतं. मरेपर्यंत तेच आवार, तीच माणसं, तीच चर्चमधली जागा. तुम्ही दोन दिवसांसाठी जाता, तो चाळीस वर्षं तिथेच आहे. तुमच्या येण्याने त्याचा दिवस बदलत नाही, बदलूही नये.

या सगळ्याच्या मुळाशी एक छोटी नियमावली आहे, इटलीतल्या संत बेनेडिक्टची, सहाव्या शतकातली. एक प्रस्तावना आणि ७३ प्रकरणं. अध्यात्म त्यात आहेच, पण मला तिचं कौतुक वाटतं ते तिच्या घरगुती बारकाव्यांसाठी. ५३ वं प्रकरण पाहुण्यांचं. प्रत्येक पाहुण्याचं ख्रिस्त समजून स्वागत करा, असं त्यात म्हटलंय आणि हे वाक्य सगळे उद्धृत करतात. पुढचं कुणी वाचत नाही. पुढे लिहिलंय की पाहुण्यांचं आणि मठाधिपतीचं स्वयंपाकघर वेगळं असावं, कारण पाहुणे अवेळी येतात आणि मठात ते कधी नसतात असं होत नाही. शिवाय ज्याला पाहुण्यांचं काम दिलेलं नाही त्याने पाहुण्यांशी गप्पा मारू नयेत. समोर आलाच तर नम्रपणे नमस्कार करावा, आशीर्वाद मागावा आणि पुढे जावं.

म्हणून व्हरांड्यात समोरून आलेले ब्रदर हसून, मान लववून निघून गेले, तर ते शिष्ट आहेत असं समजू नका. त्यांना काही विचारायचं असेल तर तेही थांबवून विचारू नका. तुमचा माणूस एकच : गेस्टमास्टर. पाहुण्यांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. टॉवेल, चावी, वायफाय, आजारपण, मठाधिपतींना भेटायची इच्छा, सगळं त्यांच्यामार्फत.

तर पहिलं काम, त्यांना पत्र. ईमेल चालतो. निदान तीन महिने आधी लिहा आणि एकाच पत्रात सगळं लिहा : किती जण, स्त्रिया किती, पुरुष किती, तारखा, पोचायची वेळ, जेवणाची पथ्यं, जिना चढायला त्रास असेल तर तो, आणि येण्याचं कारण. कारण दोन ओळींत आणि खरं. ‘आम्ही कॅथलिक नाही, तुमच्या प्रार्थनेला मागे बसू इच्छितो’ एवढं पुरतं. ख्रिस्ती धर्माविषयी आपुलकी दाखवणारे लांब परिच्छेद नकोत. पती-पत्नी असाल तर एक खोली मिळेल का, हे विचारून घ्या. काही मठांत स्त्रियांची सोय वेगळ्या इमारतीत असते आणि मठाच्या भोजनगृहात फक्त पुरुष पाहुणे बसतात. हे तिथे पोचल्यावर कळलं की पहिला दिवस रुसव्यात जातो.

शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो. ‘जरूर या’ एवढ्या एका ओळीच्या ईमेलवर अडून बसण्यापेक्षा गेस्टमास्टरकडून मठाच्या लेटरहेडवर, तारखा आणि तुमची पासपोर्टातली नावं घालून, सहीचं पत्र मागवा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो; निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवाच. मठातले लोक ईमेल रोज उघडतीलच असं नाही, म्हणून पत्राची मागणी पहिल्याच फेरीत करावी.

तारखा निवडताना शाळेचं कॅलेंडर बघा. इथेच मठ-शाळेची गंमत सुरू होते. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे शाळा भरात असते, परीक्षा तोंडावर असतात. पालकांचा दिवस असेल तर अतिथिगृह भरलेलं असतं. जुलै-ऑगस्टात मुलं घरी जातात, आवार रिकामं होतं, पण त्याच काळात मठवासी स्वतःची वार्षिक मौन-साधना ठेवतात आणि काही अतिथिगृहं बंदच असतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ऑक्टोबरात बऱ्याच ठिकाणी तिथली शरद ऋतूची सुट्टी असते, हे ध्यानात ठेवा. पवित्र आठवडा म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, २१ मार्च आणि ११ जुलै हे बेनेडिक्टचे दोन सण, आणि ख्रिसमस यांना जागा मिळायची आशा ठेवू नका. माझं मत विचाराल तर मे महिन्यातले मधल्या वारांचे तीन दिवस सर्वांत चांगले : शाळा चालू, सणावाराची गर्दी नाही, संध्याकाळचा उजेड लांब.

जेवणाचं बोलू, कारण मुंबईकरांची पहिली शंका तीच. नियमावलीचं ३९ वं प्रकरण सांगतं की चार पायांच्या प्राण्यांचं मांस अगदी अशक्त आजाऱ्यांखेरीज कुणी खाऊ नये. आज सगळे मठ हे शब्दशः पाळत नाहीत. हीच नियमावली पाळणारे ट्रॅपिस्ट पंथाचे लोक जास्त कडक, बेनेडिक्टाइन सैल. त्याच प्रकरणात रोज दोन शिजवलेले पदार्थ ठेवायला सांगितलेत, म्हणजे ज्याला एक चालत नाही त्याला दुसरा खाता येईल. त्यामुळे शाकाहारी माणसाची अडचण होत नाही, फक्त अंडं चालतं की नाही हे लिहा. जैन जेवणाची मात्र अडचण होते. युरोपातल्या मठाच्या स्वयंपाकघरात सूप म्हणजे बटाटा, कांदा, गाजर, सगळं जमिनीखालचं. ‘कंदमुळं नकोत’ असं नुसतं न लिहिता जे चालतं त्याची यादी द्या : पाव, चीज, कोबी, टोमॅटो, भात, डाळी, फळं. चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्याचा नियम, पाळणाऱ्यांनी महिना बघावा. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, काहीच प्रश्न नाही. डिसेंबरात पाचच्या आत अंधार पडतो आणि जेवण मठाच्या वेळेलाच मिळतं.

जेवताना बोलायचं नसतं. एक जण उंच जागेवरून वाचत असतो, कधी चरित्र, कधी इतिहास. हे ३८ व्या प्रकरणातलं. मीठ-पाणी हवं असेल तर खुणेनं मागा, असंही तिथेच आहे. यात एक अडचण होते ती वेगाची. तिकडे जेवण वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं. मठाधिपती टेबलावर टकटक करतात किंवा छोटी घंटा वाजवतात आणि सगळे उठतात. आपला माणूस तेव्हा दुसऱ्या वाढणीची वाट बघत असतो. वाढपी यायची वाट न बघता भांडं समोर आलं की पुरेसं घ्या आणि पुढे सरकवा. ताटात टाकू नका. टाकलेलं सगळ्यांना दिसतं.

आता दिवसाचं वेळापत्रक. मठागणिक वेळा बदलतात, पण साधारण रचना अशी : पहाटे व्हिजिल, मग लॉड्स म्हणजे सकाळची प्रार्थना, मग मिस्सा म्हणजे दिवसाची मुख्य उपासना, दुपारी छोटी प्रार्थना, संध्याकाळी व्हेस्पर्स, आणि झोपण्यापूर्वी कॉम्प्लिन. पहाटे म्हणजे बहुतेक ठिकाणी पाच ते सहाच्या दरम्यान. नियमावलीच्या मूळ वेळेनं, हिवाळ्यात, हे पहाटे दोनच्या सुमाराला होतं, तेव्हा कुरकुर करू नका. बायबलमधली १५० स्तोत्रं आठवड्यात एकदा पुरी व्हावीत असं १८ वं प्रकरण म्हणतं, आणि वर पुस्ती जोडतं की आपल्या पूर्वजांनी हे एका दिवसात केलं, आपण आळशांनी निदान आठवड्यात तरी करावं. आज अनेक मठांनी ती दोन किंवा चार आठवड्यांवर पसरली आहेत.

स्तोत्रं कशी म्हणतात ते नीट समजून घ्या, कारण पाहुणा सगळ्यात जास्त इथे चुकतो. मठवासी दोन बाजूंना समोरासमोर बसतात. आपल्या दिंडीत टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात, तसंच. एक ओळ या बाजूची, दुसरी त्या बाजूची. पुस्तकात प्रत्येक ओळीच्या मध्यावर एक तारका छापलेली असते. तारकेशी सगळे थांबतात, एका श्वासापुरते, आणि मग उरलेला अर्धा भाग म्हणतात. ओळ लांब असेल तर तारकेच्या आधी एक कट्यारीसारखी खूण असते. तिथे आवाज किंचित खाली येतो, पण थांबत नाहीत. नवखा माणूस नेमका उलटा वागतो. कट्यारीशी थांबतो आणि तारका ओलांडून पुढे जातो. मग सगळ्या चर्चमध्ये त्या शांत फटीत त्याचा एकट्याचा आवाज ऐकू येतो. पहिला पूर्ण दिवस ओठ न हलवता नुसतं ऐका. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यापेक्षा हळू आवाजात म्हणा. दोन्ही बाजूंच्या मधल्या ओळी एकमेकींवर चढू द्यायच्या नाहीत : समोरची बाजू पूर्ण संपल्यावरच आपली सुरू.

स्तोत्रांच्या क्रमांकांतही एक खोच आहे. लॅटिन परंपरेत नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरतात, त्यामुळे तिथून पुढे १४७ पर्यंत बहुतेक ठिकाणी आपल्या मराठी बायबलपेक्षा एक आकडा कमी येतो. फलकावर ९४ लिहिलेलं असेल तर आपल्याकडचं ९५. पुस्तकात बहुधा दोन्ही आकडे असतात, एक कंसात.

प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं गौरवगान येतं, तेव्हा सगळे उठून कमरेतून वाकतात. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालतं. इथे बाकांकडे लक्ष द्या. मठवाशांच्या जुन्या बाकांची बसायची फळी बिजागरीवर असते. उठलं की ती वर उलटते आणि खाली एक छोटी कड येते, तिच्यावर टेकून लांबलचक प्रार्थना उभ्याने करता येते. ती फळी हातानं धरून खाली घ्यायची. सोडून दिली तर लाकडावर लाकूड आपटतं आणि दगडी कमानीत तो आवाज बराच वेळ फिरतो. आणि फोन : सायलेंट पुरत नाही. लाकडी बाकावर ठेवलेला फोन थरथरला की सबंध बाक घरघरतो. बंद करा किंवा खोलीत ठेवा.

उशीर झाला तर? ४३ वं प्रकरण यावर आहे आणि फार समजूतदार आहे. रात्रीच्या प्रार्थनेच्या, म्हणजे व्हिजिलच्या, सुरुवातीचं ९४ वं स्तोत्र मुद्दाम सावकाश, ओढून म्हणायचं, म्हणजे झोपाळू भाऊ तेवढ्यात पोचतील. त्यानंतरही उशीर झालेल्यानं आत यावं, पण आपल्या जागी न जाता सर्वांत शेवटी उभं राहावं. बाहेर ठेवलं तर तो परत जाऊन झोपेल किंवा गप्पा मारेल. पाहुण्यानंही तेच करावं. मागच्या दारानं यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं. मधून चालत पुढे जायचं नाही.

मिस्साविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर, हा आपण देवळात घेतो तसा प्रसाद नव्हे. तो फक्त कॅथलिकांसाठी आहे. रांग उठली की आपणही शिष्टाचार म्हणून उठायचं, हात पुढे करायचा, आणि मग तो खिशात ठेवायचा, हे अतिशय गंभीर मानलं जातं. अशा वेळी धर्मगुरू मागे येऊन तो परत मागतात. काही ठिकाणी हात छातीवर फुलीसारखे घेऊन पुढे गेल्यास आशीर्वाद देतात, पण ही पद्धत सगळीकडे नाही. जागेवर बसून राहा, कुणी काही म्हणत नाही. दाराशी असलेलं पवित्र पाणीही ओंजळीत घेऊन प्यायचं नसतं. युरोपात चपला काढत नाहीत. टोपी पुरुषांनी काढावी. गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत.

सराव हवा असेल तर परदेशी जायची गरज नाही. वसईला एखाद्या रविवारी मराठी मिस्सा ऐकून या. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकापासून, लॅटिनऐवजी लोकभाषा आली आणि वसईतल्या गावांत मिस्सा आपल्या मराठीत होते. कधी उठायचं, कधी बसायचं, हे तिथे एकदा कळलं की जर्मनमध्येही चुकत नाही.

कॉम्प्लिननंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोलायचं नाही. ४२ वं प्रकरण. दिवे जवळजवळ सगळे मालवतात, मारियेचं गीत होतं, मठाधिपती पवित्र पाणी शिंपडतात, सगळे निघतात. या वेळात अतिथिगृहाच्या पॅसेजमध्ये व्हिडिओ कॉल करू नका. भारतात तेव्हा मध्यरात्र झालेली असते, तसंही कुणी जागं नसतं. दाराची मोठी किल्ली गेस्टमास्टरकडून दुपारीच घ्या. रात्री बाहेर अडकलात तर उघडायला मठवाशाला मौन मोडून यावं लागेल.

शाळेकडे वळू. मठात मुलं असणं नवं नाही. ५९ व्या प्रकरणात आई-वडील आपला मुलगा मठाला अर्पण करतात त्याची विधी दिली आहे. ३७ व्यात म्हटलंय की म्हाताऱ्यांना आणि मुलांना जेवणाचे कडक नियम लावू नका, त्यांना वेळेआधी खाऊ द्या. पण बाहेरची मुलं मठात शिकवायला घ्यावीत का, यावर जुना वाद आहे. ८१७ साली आखेनला भरलेल्या मठाधिपतींच्या सभेनं ठरवलं की अर्पण केलेल्या मुलांखेरीज मठात शाळा असू नये. आणि साधारण त्याच काळात, ८२० च्या आसपास, एका आदर्श मठाचा जो नकाशा काढला गेला, तो स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनच्या ग्रंथालयात आजही आहे : शिवून जोडलेले चर्मपत्राचे पाच तुकडे, ११२ बाय ७७ सेंटिमीटर. त्यात चर्चच्या उत्तरेला, पाहुण्यांचं घर आणि मठाधिपतीचं घर यांच्या मध्ये, बाहेरच्या मुलांची शाळा दाखवली आहे. शाळा आहे, पण मठवाशांच्या चौकापासून चर्चच्या पलीकडे. आतली मुलं वेगळी, पूर्वेकडे. सभेचा ठराव आणि बाहेरच्यांची गरज, दोन्हींना सांभाळून भिंत कुठे घालायची हे त्या नकाशाकारानं सोडवलं.

आजही मठ-शाळा तोच प्रश्न सोडवत असते, फक्त आता तो घंटांचा झाला आहे. शाळेची घंटा तासाची, मठाची घंटा प्रार्थनेची, आणि शिकवणाऱ्या मठवाशाला दोन्ही लागू. दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी त्याचा गणिताचा तास असतो. त्याला ५० वं प्रकरण सोडवतं : दूर कामावर असणाऱ्यानं प्रार्थना आहे तिथेच म्हणावी. त्यामुळे दुपारी चर्चमधल्या रिकाम्या जागा बघून ‘मठ ओस पडला’ असा निष्कर्ष काढू नका. अर्थात मठवाशांची संख्या युरोपभर घटते आहे हे खरंच. बहुतेक शिक्षक आता बाहेरचे, पगारी, त्यांत स्त्रियाही. हेडमास्तर मठवासी नसणं हेही आता सर्रास झालं आहे. शांत खोली हवी असेल तर पत्रातच ‘बागेच्या बाजूची’ असं लिहा. मैदानाच्या बाजूला मधल्या सुट्टीत काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

शाळेच्या भागात परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. यामागे नुसता शिष्टाचार नाही. मठ-शाळांत मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या गोष्टी उघड झाल्या आहेत आणि त्या झाकण्यात मठांचा वाटा होता. इंग्लंडमध्ये २०१८ साली सरकारनं नेमलेल्या चौकशीनं अँपलफर्थ आणि डाउनसाइड या दोन बेनेडिक्टाइन शाळांवर कठोर अहवाल दिला. पुढे डाउनसाइडची शाळा मठापासून अलग झाली आणि २०२२ साली मठवासी ती जागाच सोडून गेले. स्वित्झर्लंडमध्ये २०२३ साली झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी चर्चच्या कागदपत्रांतून अत्याचाराची १,००२ प्रकरणं नोंदवली. मठाच्या शांततेचं कौतुक करताना हे वगळून बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. मुलांना गप्प बसवणारी शांतताही त्याच भिंतींत होती.

त्यामुळे आज नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. स्वागतकक्षात नाव लिहा, ओळखपत्र गळ्यात घाला, सोबतचा माणूस सोडून फिरू नका. मुलांचे फोटो काढू नका, पाठमोरेही नाही. गोळ्या-चॉकलेटं वाटू नका, एकट्या मुलाशी बंद खोलीत बोलू नका. मुलांची स्वच्छतागृहं वापरू नका, पाहुण्यांची वेगळी असतात. शाळा बघायची असेल तर तसं आधी लिहून मागा. अर्ध्या तासाची फेरी बहुधा मिळते : वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय. वसतिगृहाच्या खोल्या मिळत नाहीत, हट्ट करू नका.

भेट काय न्यावी, हा प्रश्न दरवेळी येतो. पेढे, बर्फी, श्रीखंडवडी नको. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. चिक्की चालेल, पण ती मठासाठी; शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात म्हणून शाळेत नेऊ नका. चहाची पुडी सर्वांत उत्तम. आणि जे काही द्याल ते गेस्टमास्टरच्या हाती, ‘सर्वांसाठी’ म्हणून. एखाद्या ब्रदरच्या खिशात टीप किंवा भेट सरकवणं म्हणजे त्याला पेचात टाकणं : स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही हे ३३ वं प्रकरण, मठाधिपतीला न सांगता भेट घ्यायची नाही हे ५४ वं. राहण्याचे पैसे काही ठिकाणी ठरलेले, काही ठिकाणी लिफाफ्यात. लिफाफा असेल तर ‘साधारण किती येतात?’ असं सरळ विचारा, ते सांगतात. निघताना चादर-अभ्रे काढून दाराशी ठेवा.

ज्यांना एवढं लांब जायचं नाही त्यांच्यासाठी केरळ. वागमोनच्या डोंगरात, हजार मीटरहून अधिक उंचीवर, कुरिसुमला आश्रम आहे. १९५८ साली बेल्जियमचे फ्रान्सिस माहियू आणि इंग्लंडचे बीड ग्रिफिथ्स यांनी सुरू केला. १९९८ पासून तो ट्रॅपिस्ट परिवारात आहे. इथे प्रार्थना सिरियाक, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती परंपरेच्या, मठवाशांची वस्त्रं भगवी, बसणं जमिनीवर, पादत्राणं बाहेर. गाई आहेत, दुधाचं काम आहे. शाळेचा गजबजाट इथे नाही, आणि खरं तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी. कोकण रेल्वेने खाली उतरून कोट्टयम गाठायचं, तिथून घाटाचा रस्ता. पावसाळ्यात धुकं आणि जळवा, डिसेंबर-जानेवारीत स्वेटर. पवित्र आठवड्यात शेजारच्या डोंगरावर क्रूस घेऊन चढणाऱ्यांची प्रचंड गर्दी असते. ते बघायचं असेल तर जा, मुक्काम मागू नका. मांडी घालून बसता येत नसेल तर आधी कळवा, खुर्ची ठेवतात. तमिळनाडूत कावेरीकाठी, कुळित्तलैजवळ, १९५० साली सुरू झालेलं शांतिवनमही आहे, पण तिथली धाटणी वेगळी, त्यावर वेगळं बोलावं लागेल.

एक चिठ्ठी आली आहे : ‘लहान मुलांना न्यावं का?’ मुक्कामाला नको. पहाटेच्या घंटा, जेवताना मौन, रात्री पॅसेजमध्ये धावायचं नाही. मूल कंटाळतं आणि आई-वडील त्याला गप्प करत दोन दिवस काढतात. गावातल्या हॉटेलात राहा आणि व्हेस्पर्सला या. ती अर्ध्या तासात संपते, गाणं असतं, कधी ऑर्गन असतो, मुलांना आवडते. मागच्या बाकावर, दाराच्या बाजूला बसा, म्हणजे उठून जाता येतं. एंगेलबर्गला जाणार असाल तर ल्युसर्नहून आगगाडीने पाऊण तास लागतो. मुलांना काचेतून चीज बनताना दाखवायचं असेल तर ते व्हेस्पर्सच्या आधी दाखवा आणि दुकान बंद व्हायची वेळ दारावर बघून ठेवा, कारण प्रार्थना सुटेपर्यंत तिथे बहुधा कुलूप लागलेलं असतं.